कर्नलचे ड्रायव्हर पॅच: कोणता कशावर अडलाय ते ओळखा, सोडवा, उरलेलं लिहून पाठवा

ड्रायव्हर चालू लागला म्हणजे निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं तो मुख्य लिनक्स कर्नलमध्ये (मेनलाइनमध्ये) पोहोचवण्याचं. चिप एकच असते, पण तिचा कोड चार सबसिस्टीमांत विभागला जातो. प्रत्येक सबसिस्टीमचा मेंटेनर (बदल तपासून घेणारा) वेगळा आणि त्याची गिट ट्री, म्हणजे कोडची प्रत, तीही वेगळी. तुमच्या लॅपटॉपवर एकापाठोपाठ एक नीट बसणारे पॅच (कोडमधले एकेक बदल) चार ट्रींत वाटले गेले, की त्यातला एखादा आपल्या आधाराशिवाय एकटा पडतो आणि त्या मेंटेनरचं बिल्ड मोडतं. सिरीज, म्हणजे एकत्र पाठवलेले पॅच, महिनोन्‌महिने रखडते ती बहुतेक वेळा यामुळेच, कोड वाईट असतो म्हणून नाही.

यावर उपाय आहे. पॅचमधल्या बहुतेक डिपेंडन्सी, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर अवलंबून असणं, तोडता येतात. आधी त्या तोडा. ज्या तुटत नाहीत त्या मशीनला वाचता येईल अशा रीतीने लिहा आणि कोणत्या वाटेने सगळं जावं ते सुचवा.

एक सूचना: आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची, बहुतेक लहान अक्षरांत (‘डब्ल्यू=’ आणि ‘ओ=’ मात्र मोठ्या अक्षरांत); नावांमधली आडवी रेघ काही ठिकाणी प्रत्यक्षात अंडरस्कोर असते.

हातात घ्यायचं उदाहरण

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेत बसणारा ठिबकचा कंट्रोलर घेऊ. बोर्डवर लिनक्स चालतं. आय-टू-सी बसवर (चिपा जोडणाऱ्या तारांवर) एक बहुकामी चिप आहे. तिच्यात वाफसा आणि पाइपातला दाब मोजायला आठ चॅनेलचा एडीसी (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणारा भाग) आहे, सोलेनॉइड व्हॉल्व्हचे रिले चालवायला आठ आउटपुट पिना आहेत आणि सेन्सरांना वीज पुरवणारा एक रेग्युलेटर आहे. कर्नलच्या भाषेत ही एमएफडी (मल्टी-फंक्शन डिव्हाइस) चिप. सिरीज साधारण अशी होते:

१. डिव्हाइस ट्रीचं (बोर्डवर काय जोडलंय त्या वर्णनाचं) बाइंडिंग, म्हणजे ते लिहायचे नियम (यॅमल फाइल)
२. एमएफडीचा मूळ ड्रायव्हर, त्यात रेगमॅप (चिपचे रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची सोय)
३. जीपीआयओ (आउटपुट पिनांचा) ड्रायव्हर
४. रेग्युलेटर ड्रायव्हर
५. आयआयओ (सेन्सर-एडीसींची सबसिस्टीम) खाली एडीसी ड्रायव्हर
६. बोर्डच्या डीटीएस (डिव्हाइस ट्रीच्या) फाइलमध्ये चिपचा नोड, म्हणजे तिची नोंद

दुसरा पॅच एमएफडीच्या ट्रीत जाईल, तिसरा जीपीआयओच्या, चौथा रेग्युलेटरच्या, पाचवा आयआयओच्या आणि सहावा तुमच्या प्रोसेसरच्या प्लॅटफॉर्म ट्रीत. पहिला बहुधा दुसऱ्याबरोबर जातो, पण डिव्हाइस ट्रीच्या मेंटेनरांची संमती लागते. कोणाला पाठवायचं ते स्क्रिप्ट्स फोल्डरमधली ‘गेट-मेंटेनर’ सांगते. ती पॅचवर चालवा. नुसत्या फाइलवर चालवली तर काही नावं सुटतात.

आधी ओळखा: अडतंय नेमकं काय

"हा पॅच त्यावर अवलंबून आहे" असं म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. त्या वेगळ्या करा.

पहिली, बिल्डची. पाचव्या पॅचमध्ये अशी हेडर फाइल इन्क्लूड केली आहे जी दुसरा पॅच तयार करतो, किंवा असं फंक्शन बोलावलं आहे जे अजून ट्रीत नाही. हिला खरी डिपेंडन्सी म्हणायचं, कारण हिच्यामुळे कंपाइल थांबतं.

दुसरी, चालतानाची. एडीसीला रेग्युलेटर सुरू झालेला हवा, पण कंपाइल होण्यासाठी रेग्युलेटरचा ड्रायव्हर ट्रीत असण्याची गरज नाही. रेग्युलेटर मागायची फंक्शनं कर्नलमध्ये पूर्वीपासून आहेत. तो मिळाला नाही तर प्रोब (ड्रायव्हर सुरू करणारं फंक्शन) वजा ५१७, म्हणजे ‘ई-प्रोब-डिफर’, परत करतो आणि कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करतं. हे पॅच कोणत्याही क्रमाने मर्ज झाले तरी चालतात. त्रुटी ‘डेव्ह-एरर-प्रोब’ वापरूनच परत करा, म्हणजे थांबण्याचं कारण डीबगएफएसमधल्या (कर्नलच्या तपासणीसाठीच्या फाइलींमधल्या) ‘डिव्हायसेस-डिफर्ड’ फाइलमध्ये दिसतं.

तिसरी, नुसती धडक. केकॉन्फिग आणि मेकफाइलमध्ये (काय बिल्ड करायचं ते ठरवणाऱ्या फाइलींत) तुमची ओळ जिथे येते, तिथेच दुसऱ्या कोणी आपली ओळ घातली. मर्ज करताना दोन्ही ओळी ठेवल्या की झालं. मेंटेनर हे रोज करतात. यासाठी सिरीजला "यावर अवलंबून" असा शेरा देऊ नका. उगाच अडकून पडते. धडक कमी करायची तर ओळ यादीच्या शेवटी न टाकता वर्णक्रमाने टाका.

चालतानाच्या डिपेंडन्सीसारखा दिसणारा एक चकवाही आहे. मूळ ड्रायव्हर लोड होतो, पण जीपीआयओचा मॉड्यूल आपोआप येत नाही. हाताने मॉडप्रोब केलं (मॉड्यूल लोड केला) की सगळं चालतं. असं झालं तर क्रमाकडे पाहू नका. चाइल्ड ड्रायव्हरमध्ये (मूळ ड्रायव्हरच्या हाताखालच्या जीपीआयओ, रेग्युलेटर, एडीसीच्या ड्रायव्हरमध्ये) डिव्हाइस टेबल किंवा मॉड्यूल अलायस लिहायचं राहिलं असेल ते बघा.

तोडायच्या कशा

आपल्या उदाहरणातली मोठी गाठ म्हणजे हेडर. दुसऱ्या पॅचने ‘इन्क्लूड/लिनक्स/एमएफडी’ खाली एक हेडर केली, त्यात सगळ्या रजिस्टरांचे पत्ते टाकले, आणि तिन्ही चाइल्ड ड्रायव्हर ती इन्क्लूड करू लागले. तेवढ्याने चार ट्री एकमेकींत अडकल्या.

सोडवायची अशी. एडीसीचे रजिस्टर फक्त एडीसीचा ड्रायव्हर वापरतो, तर त्यांचे पत्ते त्याच्याच सी फाइलमध्ये लिहा. रेगमॅपचा पॉइंटर मूळ ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमधून घेऊ नका. ‘डेव्ह-गेट-रेगमॅप’ला पेरेंट डिव्हाइस आणि नल दिलं की तोच रेगमॅप हातात येतो. आता हेडरची गरजच उरली नाही. केकॉन्फिगमध्ये चाइल्डला मूळ चिपच्या सिंबॉलवर ‘डिपेंड्स ऑन’ लावा. तो सिंबॉल त्या ट्रीत अजून आलेला नसला तरी त्रुटी येत नाही. कर्नल त्याची किंमत ‘नाही’ धरतं आणि तुमचा ड्रायव्हर गुपचूप बंद राहतो. शेतात लॅटरल (ठिबकची नळी) आधी अंथरून ठेवली तरी काही बिघडत नाही, सबमेनला (पाणी आणणाऱ्या पाइपाला) जोडेपर्यंत तिच्यातून पाणी येत नाही इतकंच. तसंच हे.

मात्र त्याच ओळीत ‘किंवा कंपाइल-टेस्ट’ जोडलं असेल तर सावध राहा. मग ऑल-मॉड-कॉन्फिगमध्ये (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून बिल्ड करताना) तुमचा ड्रायव्हर मूळ सिंबॉल नसतानाही कंपाइल होतो. हेडर काढली असेल तर ठीक. ती राहिली असेल तर आयआयओच्या मेंटेनरचं बिल्ड "अशी फाइल नाही" म्हणत पडतं आणि पॅच परत येतो. ‘सिलेक्ट’ इथे वापरू नका. ते मूळ ड्रायव्हरच्या स्वतःच्या अटी न तपासता त्याला चालू करतं.

दुसरी गाठ बाइंडिंगची, आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. चाइल्डसाठी वेगळ्या यॅमल फाइली केल्या आणि मूळ फाइलमधून ‘रेफ’ने त्यांच्याकडे बोट दाखवलं, तर त्या फाइली आधी किंवा सोबत याव्या लागतात. नाहीतर ‘डीटी-बाइंडिंग-चेक’ मूळ फाइलवरच अडकतं. साध्या चिपसाठी चाइल्डची माहिती मूळ फाइलमध्येच लिहिणं सोपं पडतं. वेगळ्या केल्याच, तर बाइंडिंगचे सगळे पॅच एकाच ट्रीतून जाऊ द्या.

तिसरी क्लॉकच्या आकड्यांची. डीटीएस फाइल ‘इन्क्लूड/डीटी-बाइंडिंग्ज’मधल्या हेडरचा मॅक्रो वापरते. ती हेडर क्लॉकच्या ट्रीतून येणार आणि डीटीएस प्लॅटफॉर्मच्या ट्रीतून. डीटीएस कंपाइल होणार नाही. अशा वेळी डीटीएसमध्ये सध्या सरळ आकडा लिहा आणि हेडर मेनलाइनमध्ये आल्यावर, पुढच्या फेरीत, मॅक्रो घाला. ती हेडर बाइंडिंगच्या पॅचमध्ये ठेवा, ड्रायव्हरच्या पॅचमध्ये नको. म्हणजे गरज पडली तर तेवढा एकच कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) दोन्ही ट्रींना वाटून घेता येतो.

डीटीएस आणि ड्रायव्हर यांच्यातली एक दिशा मात्र कायमची बंद आहे. नवं कर्नल जुन्या डीटीबीवर (कंपाइल केलेल्या डीटीएसवर) चालायलाच हवं. ड्रायव्हरमधला बदल डीटीएस सोबत बदलल्याशिवाय बोर्ड बूट होऊ देत नसेल, तर ते क्रमाने सुटणारं प्रकरण नाही. ड्रायव्हरमध्ये जुन्या नोडसाठी पर्यायी वाट ठेवावी लागेल.

आणि कर्नलच्या आतलं एखादं फंक्शन बदलायचं असेल, जे शेकडो ड्रायव्हर वापरतात, तर एका दमात कधीच बदलू नका. नवं जुन्याशेजारी आणा, वापरणारे एकेक करून हलवा, शेवटी जुनं काढा. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या ‘रिमूव्ह’चं असंच झालं. ६.३ मध्ये काही परत न करणारं ‘रिमूव्ह-न्यू’ आलं, मग ड्रायव्हर आपापल्या सबसिस्टीममधून हळूहळू त्यावर गेले, आणि ६.११ मध्ये खुद्द ‘रिमूव्ह’ बदललं. वेळ गेला, पण एकाही सबसिस्टीमला दुसरीसाठी थांबावं लागलं नाही.

क्रम

सिरीजमध्ये बाइंडिंग ड्रायव्हरच्या आधी. डीटीएस सगळ्यात शेवटी. आणि जुन्या कोडमधल्या चुकीची दुरुस्ती सोबत असेल तर ती सगळ्यांच्या आधी, साफसफाईच्याही आधी. दुरुस्तीवर ‘फिक्सेस’ची (चूक कोणत्या कमिटची ते सांगणारी) ओळ असते. ती चालू आरसीत (येत्या आवृत्तीच्या चाचणी-कर्नलात) आणि पुढे स्टेबल कर्नलांत (आधी निघालेल्या, फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या आवृत्त्यांत) जाते. तिच्याआधी तुम्ही नावं बदलण्याचा पॅच ठेवला, तर स्टेबलवाल्यांना तोही ओढावा लागतो, नाहीतर दुरुस्ती सोडून द्यावी लागते. दुरुस्तीला खरंच आधीचा एखादा कमिट लागत असेल, तर स्टेबलच्या सीसी ओळीतच हॅश चिन्हानंतर कर्नलची आवृत्ती आणि त्या कमिटचा हॅश (त्याचा ओळख-क्रमांक) लिहायची सोय आहे. ती वापरा.

प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालंच पाहिजे. "सहाही लावल्यावर चालतं" हे पुरेसं नाही. कोणी गिट बायसेक्ट करताना (चूक कोणत्या कमिटने आली ते शोधताना) नेमका तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्या पॅचच्या मध्ये येऊन थांबू शकतो.

लिहून कसं द्यायचं

कशावर बेतलंय ते आधी ठरवा. बोर्ड विकणाऱ्याने दिलेल्या जुन्या कर्नलवरून पॅच काढू नका, ते लागणारच नाहीत. लिनक्स-नेक्स्टवरूनही (सगळ्या ट्री एकत्र केलेल्या प्रतीवरूनही) शक्यतो नको, कारण ती रोज नव्याने बांधली जाते आणि आजचा बेस उद्याच्या इतिहासात नसतो. ताजी आरसी-१ किंवा त्या मेंटेनरची पुढच्या आवृत्तीसाठीची ब्रँच घ्या. नेटवर्किंगचा ड्रायव्हर असेल तर नेट-नेक्स्ट (नेटवर्किंगची पुढच्या आवृत्तीची ट्री) घ्या आणि विषयातही तेच लिहा. तिथे एका सिरीजमध्ये पंधराहून जास्त पॅच घेत नाहीत.

पॅच काढताना ‘गिट फॉरमॅट-पॅच’ला ‘--कव्हर-लेटर’ (सिरीजची ओळख देणारं पत्र) आणि ‘--बेस=ऑटो’ द्या. ब्रँचला अपस्ट्रीम (ती कोणत्या ब्रँचवर बेतली ते) लावलेलं नसेल तर ‘ऑटो’ कुरकुर करतं. आधी ‘गिट ब्रँच --सेट-अपस्ट्रीम-टू’ करा. मग पत्राच्या तळाशी ‘बेस-कमिट’ची ओळ येते. तपासणारे रोबो तिच्यावरून योग्य जागी पॅच लावतात. ती नसेल तर रोबो अंदाजाने कुठेतरी लावतो आणि खोट्या त्रुटींचं पत्र पाठवतो.

अजून मर्ज न झालेल्या पॅचवर तुमचे पॅच बसत असतील तर ते ब्रँचमध्ये आधी लावा. बेस म्हणून आरसी-१ चा टॅग द्या, पण पाठवायची मर्यादा फक्त आपल्या पॅचपुरती ठेवा. मधल्या प्रत्येक पॅचसाठी ‘प्रीरिक्विझिट-पॅच-आयडी’ची ओळ आपोआप उमटते. हा आयडी बदलाच्या मजकुरावरून निघतो. त्यामुळे समोरच्याने नवी आवृत्ती काढली की तुमचा आयडी जुना होतो, आणि तुम्हालाही पुन्हा काढावा लागतो.

बी-फोर हे पॅच पाठवायचं साधन वापरत असाल तर हे आणखी सोपं जातं. ‘बी-फोर प्रेप --एडिट-डेप्स’ने दुसऱ्या सिरीजचा चेंज-आयडी आणि आवृत्ती नोंदवायची, ‘--चेक-डेप्स’ने ती खरंच लागते का बघायचं. हाताने लिहीत असाल तर कव्हर लेटरमध्ये स्पष्ट वाक्य लिहा: पॅच ५ ला अमुक सिरीजची आवृत्ती ३ लागते, हा तिचा दुवा, बाकीचे पॅच स्वतंत्र आहेत. "बाकीचे स्वतंत्र आहेत" हे शब्द फार मोलाचे असतात. ते वाचून तीन मेंटेनर आपापले पॅच त्याच दिवशी उचलू शकतात.

अशी टीप कमिटच्या मजकुरात लिहू नका. तिथली प्रत्येक ओळ इतिहासात कायम राहते, आणि "अमुक सिरीज आधी लावा" याला मर्जनंतर काही अर्थ उरत नाही. तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा. पॅच लावताना तो भाग गळून पडतो.

दुसऱ्याचा पॅच आपल्या सिरीजमध्ये घ्यावा लागला तर ‘फ्रॉम’ची ओळ मूळ लेखकाचीच ठेवा, त्याच्या सहीखाली आपली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ जोडा, काही बदललं असेल तर चौकटी कंसात सांगा आणि त्यालाही पत्र पाठवा. तो अजून त्यावर काम करत असेल तर पॅच न घेता दुवा देणंच योग्य.

वाट कोणती

तुटली नाही अशी डिपेंडन्सी नेण्याच्या तीन वाटा आहेत, आणि निवड मेंटेनरांची असते. तुम्ही सुचवायचं.

लहान सिरीज असेल तर सगळं एकाच ट्रीतून जातं आणि बाकीचे मेंटेनर ‘ॲक्ड-बाय’ (संमतीची ओळ) देतात. आपल्या उदाहरणात पॅच १ ते ५ एमएफडीच्या ट्रीतून जाऊ शकतात. डीटीएस मात्र त्यात घालू नका, ती प्लॅटफॉर्मच्याच ट्रीतून जाते.

दुसऱ्या सबसिस्टीममध्ये त्याच फाइलींवर आणखी काम चालू असेल तर न बदलणारी ब्रँच लागते. एक मेंटेनर आरसी-१ वर फक्त तुमचे पॅच असलेली ब्रँच करतो, सही केलेला टॅग लावतो, आणि बाकीचे तीच ब्रँच आपल्या ट्रीत ओढतात. सगळीकडे कमिटचा हॅश तोच राहतो, त्यामुळे शेवटी मेनलाइनमध्ये एकच प्रत येते. तोच पॅच दोघांनी वेगवेगळा लावला तर हॅश दोन होतात आणि पुढे त्या ओळी बदलल्या की विनाकारण धडक होते.

तिसरी वाट म्हणजे दोन फेऱ्या: या आवृत्तीत मूळ ड्रायव्हर, पुढच्या आवृत्तीत चाइल्ड. एक फेरी नऊ-दहा आठवड्यांची. त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडोचे (मेनलाइनमध्ये नवं काम घेण्याचे), मग साधारण आरसी-७ पर्यंत दुरुस्त्या. ही वाट कोणालाच त्रास देत नाही, पण मृगाच्या पावसाआधी कंट्रोलर तयार हवा असेल तर गणित संक्रांतीपासूनच मांडावं लागतं. मोठं काम आरसी-६ नंतर पाठवलं की ते बहुधा पुढच्या फेरीत ढकललं जातं. मर्ज विंडोत नवी सिरीज पाठवू नका; नेट-नेक्स्ट तर तेव्हा बंदच असते.

पाठवण्याआधीची तपासणी

सिरीजवर ‘गिट रिबेस’ला ‘--एक्झेक’ देऊन प्रत्येक कमिटनंतर मेक चालवा. संपूर्ण कर्नल नको, बदललेले फोल्डर पुरे: ‘मेक डब्ल्यू=१ ड्रायव्हर्स/एमएफडी/’ आणि तसेच बाकीचे. एआरएम-६४ वर करा, आणि ‘कंपाइल-टेस्ट’ लावलं असेल तर एक्स-८६ वरही. बाइंडिंगसाठी ‘डीटी-बाइंडिंग-चेक’, डीटीएससाठी ‘डीटीबीएस-चेक’, शेवटी लिहिण्याची पद्धत तपासायला ‘चेकपॅच --स्ट्रिक्ट’.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि चुका तिथेच सापडतात. ‘गिट वर्कट्री’ने आरसी-१ वर एक वेगळं फोल्डर काढा आणि त्यात फक्त पाचवा पॅच लावा. दुसरा नाही, पहिलाही नाही. ऑल-मॉड-कॉन्फिगवर आयआयओचं फोल्डर बिल्ड करा. झालं, तर पाचवा खरंच स्वतंत्र आहे. पडलं, तर कव्हर लेटरमधलं "स्वतंत्र" चुकीचं आहे. जीपीआयओ आणि रेग्युलेटरलाही हेच करा. लिनक्स-नेक्स्ट बिल्ड होते याने काही सिद्ध होत नाही. तिथे सगळ्या ट्री एकत्र असतात, म्हणून एकट्या ट्रीतली तूट झाकली जाते.

आपल्याकडचं थोडं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा दुपारी लॅपटॉपवर सगळ्या कोरांवर ऑल-मॉड-कॉन्फिग लावलं की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. ‘-जे’चा आकडा निम्मा करा किंवा मोठं बिल्ड रात्री लावा; सी-कॅश (आधीचं कंपाइल साठवून ठेवणारं साधन) असेल तर दुसऱ्या वेळेपासून बराच वेळ वाचतो. बिल्डच्या मध्येच वीज गेली आणि डेस्कटॉप बंद पडला, तर काही ऑब्जेक्ट फाइली शून्य बाइटच्या राहतात. मग लिंकर "फाइलचा प्रकार ओळखता येत नाही" म्हणतो आणि दोष पॅचचा वाटतो. ‘ओ=’ देऊन आउटपुट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यातल्या शून्य आकाराच्या फाइली ‘फाइंड’ने पुसा आणि पुन्हा मेक करा. खेड्यात नेट तुटत असेल तर पूर्ण क्लोन मारू नका, तुटला की पहिल्यापासून सुरू होतो. कर्नल-डॉट-ऑर्गवर बंडल फाइल (सगळी ट्री एकाच फाइलीत) मिळते. ती ‘डब्ल्यूगेट -सी’ने तुटेल तिथून पुढे उतरवा, तिच्यावरून क्लोन करा, मग ओरिजिन बदलून फक्त उरलेले कमिट ओढा.

पाठवल्यावर

काही पॅच घेतले गेले, काही राहिले, असं होणारच. घेतलेले पॅच पुढच्या आवृत्तीत पुन्हा पाठवू नका. ते ज्या ट्रीत गेले त्या ब्रँचवर उरलेले रिबेस करा (नव्याने बसवा), ‘गिट रेंज-डिफ’ने जुन्या-नव्यातला फरक पाहा आणि कव्हर लेटरमध्ये लिहा की अमुक पॅच अमुक ट्रीत गेले आहेत. मिळालेले ‘रिव्ह्यूड-बाय’ (पॅच तपासल्याच्या ओळी) ‘बी-फोर ट्रेलर्स -यू’ने गोळा करा. ते हरवले तर तपासणाऱ्याला तेच काम पुन्हा करावं लागतं. उत्तर नाही आलं तर निदान एक आठवडा थांबा, मग त्याच पत्राला उत्तर म्हणून आठवण करा. नवी आवृत्ती मात्र नव्या धाग्यात पाठवा.

पुढची आरसी-१ निघाली की पहिलं काम हे: ज्यावर अडलं होतं ते मेनलाइनमध्ये आलं का ते ‘गिट लॉग’मध्ये पाहा, उरलेले पॅच त्यावर रिबेस करा, डिपेंडन्सीची टीप आणि प्रीरिक्विझिटच्या ओळी काढून टाका, बेस-कमिट नवा करा आणि त्याच आठवड्यात पाठवा. डीटीएसमध्ये तात्पुरता लिहिलेला क्लॉकचा आकडा मॅक्रोने बदलायचा राहिला असेल, तर तो पॅचही याच फेरीत लावून टाका.